नीट घसरली, तरी यादी नीट हवी

नीटचा निकाल लागला की ज्या घरात पेढे येत नाहीत, तिथे सल्ले येतात. 'एखादं वर्ष ड्रॉप घे म्हणावं,' असे काका सांगतात. 'अहो, आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा जॉर्जियाला गेला, तिकडे काही एवढे मार्क लागत नाहीत,' अशी माहिती मामी पुरवते. कुणी तरी एजंटचा नंबर लिहून देऊन जातो. ज्याचा निकाल, तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र खोलीचे दार ओढून गप्प बसलेली असते. या गलबल्यात खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. या क्रमांकावर या मुलाला नेमके कुठे कुठे अर्ज करता येतो आणि त्यातल्या कुठल्या कॉलेजचा भार हे घर शेवटपर्यंत पेलू शकेल?

सुरुवात डळमळीत झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कॉलेजची निवड हा हिशेबाचा भाग आहे. नावलौकिकाचा विचार त्यानंतर. ज्याला पहिल्या हजारांत क्रमांक मिळाला त्याने डोळे मिटून यादी भरली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. चुकीची यादी खरी महागात पडते ती मागे राहिलेल्यालाच.

आधी एक जुना गैरसमज दूर करावा. एकेकाळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरत असे आणि आजच्या आई-वडिलांच्या मनात तोच काळ घर करून आहे. त्यामुळे मुलाला दहावीत ७० टक्के किंवा बारावीत ६० टक्के पडले की 'याचं डॉक्टर होणं संपलं' असे घरात धरून चालतात. वास्तविक एमबीबीएससाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात. ही अट पूर्ण झाली की पुढची गुणवत्ता यादी केवळ नीटवर लागते. ६० वाला आणि ९५ वाला तिथे एकाच रांगेत उभे राहतात. एम्स आणि पुदुच्चेरीच्या जिपमरची वेगळी परीक्षाही २०२० पासून राहिलेली नाही. अपवाद पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा. तिथे वयाची अट आहे, बारावीच्या गुणांची स्वतंत्र अट आहे आणि मुलाखतही आहे. बारावीला ज्याचे पाऊल घसरले त्याने हे नाव यादीत लिहिण्यापूर्वी ती पुस्तिका वाचावी.

दुसरा गैरसमज गुणांचा. 'गेल्या वर्षी अमक्याला ६०० ला सरकारी मिळालं नाही, मग तुला ५२० ला काय मिळणार?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो चुकीचा आहे. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे, सुधारित निकालानंतरही, १७ विद्यार्थी होते. २०२५ ची प्रश्नपत्रिका, त्यातही भौतिकशास्त्राचा भाग, इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. म्हणजे एका वर्षाचे ६०० आणि दुसऱ्या वर्षाचे ६०० यांची किंमत एक नाही. तुलना करायची ती अखिल भारतीय क्रमांकाची. मागच्या दोन-तीन वर्षांत कुठल्या कॉलेजला, कुठल्या प्रवर्गात, कितव्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला याचे तक्ते संकेतस्थळावर मिळतात. एक रविवार घालवून वडील आणि मुलीने ते वहीत उतरवून काढले तर एजंटपेक्षा जास्त माहिती त्या वहीत जमा होते.

आकड्यांचा अंदाजही असू द्यावा. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुले नीटला बसली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशातल्या सगळ्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या घरात. त्या वर्षी खुल्या वर्गासाठी पात्रतेचे गुण अवघे १४४ होते. म्हणून 'नीट पास झाली' या वाक्याला प्रवेशाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, तिकीट नव्हे.

<b>आपले राज्य कोणते?</b>

मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी आशा असते ती आपल्या राज्याच्या ८५ टक्के जागांवर. सरकारी कॉलेजांतल्या उरलेल्या १५ टक्के जागा देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालानंतर आली. खुल्या वर्गात या १५ टक्क्यांतला प्रवेश साधारण वीस ते चोवीस हजारांच्या क्रमांकाशी येऊन थांबतो. ज्याचा क्रमांक पन्नास हजार किंवा लाख आहे, त्याने तिथे नोंदणी जरूर करावी, पण डोळे राज्याच्या यादीकडे लावावेत.

आणि इथेच महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी कुटुंबे फसतात. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादला दोन पिढ्या काढलेले घर असते. गावी शेत असते, सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, घरात भाषा मराठी. 'आपण महाराष्ट्राचेच की,' असे म्हणून फॉर्म भरायची तयारी होते. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या हव्यात आणि जोडीला अधिवासाचा दाखला हवा. सातबाऱ्याने शेत मिळते, एमबीबीएसची जागा मिळत नाही. केंद्र सरकारच्या किंवा लष्कराच्या नोकरीत बदली होऊन आलेल्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. बाकीच्यांनी ज्या राज्यात मूल शिकले त्या राज्याचा नियम पाहावा. इंदूरच्या मुलाचे खरे बळ मध्य प्रदेशच्या यादीत असते, वडोदऱ्याच्या मुलीचे गुजरातच्या.

उलटा धोका महाराष्ट्रातल्या पालकांना आहे. दहावीनंतर मुलाला कोट्याला किंवा हैदराबादला क्लाससाठी पाठवायचे आणि बारावीचे नाव तिथल्याच कुठल्याशा शाळेत घालायचे, असे पुष्कळ जण करतात. परीक्षेचा निकाल हातात आल्यावर कळते की बारावी परराज्यातून झाली म्हणून महाराष्ट्राचा कोटा हातचा गेला. तिकडे तेलंगणाने तर नववी ते बारावी अशी सलग चार वर्षे राज्यात शिकल्याची अट घातली आहे आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. म्हणजे मुलगा ना घरचा ना घाटचा. हा निर्णय अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच होतो, त्यामुळे ज्यांचे मूल आता दहावीत आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

विदर्भ आणि मराठवाड्यातले काही जण अजूनही ७०:३० च्या हिशेबाने सल्ला देतात. तो प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. आता नांदेडच्या मुलीला मुंबईचे कॉलेज आणि ठाण्याच्या मुलाला नांदेडचे कॉलेज सारख्याच अधिकाराने मागता येते.

<b>नावाची भूल</b>

पसंतीक्रम भरताना मुले मुंबईचे केईएम (जीएस मेडिकल), जेजे (ग्रँट), पुण्याचे बीजे, नागपूरचे सरकारी अशी नावे लिहून थांबतात. 'एवढंच भरू, नाहीतर नको,' असा बाणा असतो. जेजेशी जोडलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, जीएस १९२६ चे, बीजे १९४६ चे. त्यांची कीर्ती शंभर टक्के खरी आहे. पण २०१० नंतर महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी कॉलेजे निघाली आहेत. गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, बारामती, नंदुरबार, सातारा, सिंधुदुर्ग, अलिबाग आणि २०२४ मध्ये तर गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलडाणा, जालना, भंडारा यांसह एकाच वेळी दहा. खाली घसरलेल्या क्रमांकाला सरकारी जागा मिळायची तर बहुधा ती इथेच.

'अगं, एवढं शिकून हिंगोलीला?' असे नाक मुरडण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. राज्यातल्या सर्व संलग्न कॉलेजांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते. आणि पुढे एमडी-एमएसला जाताना नीट-पीजीचा क्रमांक पाहिला जातो, एमबीबीएस कुठल्या गावात केले हे त्या गुणवत्ता यादीत कुणी विचारत नाही. नव्या कॉलेजात अध्यापकांच्या रिकाम्या जागा, अर्धवट वसतिगृह, भाड्याची इमारत या अडचणी असतात, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पण जिल्हा रुग्णालय हाताशी असते आणि तिथे माणसे येतात. डॉक्टर शेवटी रुग्णाजवळ उभा राहूनच तयार होतो.

खासगी कॉलेजच्या बाबतीत हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी. काचेची इमारत आणि गुळगुळीत माहितीपुस्तक पाहून पैसे भरणाऱ्या पालकांनी एका साध्या मंगळवारी सकाळी दहाला त्या कॉलेजच्या रुग्णालयात जाऊन केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास बसावे. रांग आहे का? वॉर्डातल्या खाटांवर खरोखर आजारी माणसे आहेत का? बाळंतपणे होतात का? चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहा पाजून विचारावे की इंटर्नशिपचे विद्यावेतन हातात पडते की फक्त कागदावर असते. शिवाय राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर कॉलेजचे आणि त्या वर्षीच्या जागांचे नाव आहे याची खात्री करावी. या एका फेरीचा प्रवासखर्च पुढच्या फीपुढे चिल्लर आहे.

<b>घर विकून डॉक्टर?</b>

आता पैशांचे. सरकारी कॉलेजचे शुल्क महाराष्ट्रात वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास. एम्सचे तर नाममात्र. खासगी कॉलेजातल्या राज्य कोट्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ते सात-आठ लाखांपासून पुढे जाते. त्याच कॉलेजातल्या १५ टक्के संस्था कोट्याचे शुल्क याच्या कित्येक पट असते. परराज्यातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातली खासगी जागा दिसते ती बहुतेक या दाराने. आणि अभिमत विद्यापीठांत वर्षाला २० ते २५ लाख किंवा त्याहूनही अधिक.

वर्षाला २४ लाख धरले तर साडेचार वर्षांचे १ कोटी ८ लाख होतात. त्यात वसतिगृह, मेस, पुस्तके नाहीत. त्यातले ६० लाख कर्ज काढले आणि व्याज १० टक्के पडले, तर नुसते व्याजच महिन्याला ५० हजार. मुद्दल जसेच्या तसे. इतके करून हाती येते एमबीबीएस, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणाची दुसरी रांग सुरू होते. सहावीतली धाकटी बहीण, आजोबांचे आजारपण, आईचे दागिने, हे सगळे या हिशेबात ओढले जाते. बाप निवृत्तीला आठ वर्षे उरलेला बँकेतला अधिकारी असेल तर त्याने मुलासमोर हा कागद मांडावा. मुलापासून तो लपवण्यात प्रेम नाही. अठरा वर्षांच्या मुलाला घराची ऐपत कळली म्हणून तो खचत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना अचानक कळली तर मात्र खचतो.

या ठिकाणी एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. मुलाचा क्रमांक घसरला तर प्लॉट विकायचा विचार होतो. मुलीचा घसरला तर 'बीएस्सी कर, नाहीतरी लग्न करायचंच आहे' असे ऐकू येते. ज्या घरात दोघे आहेत तिथे दोघांच्या खात्याला सारखेच आकडे पडतात का, हे आईने तरी तपासावे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि एसईबीसी वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरते. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा, संस्था कोट्यातला नव्हे. कित्येक घरांत या सवलतीमुळे मुलीची खासगी जागा मुलाच्या जागेपेक्षा स्वस्त पडते, आणि तरीही तिचा फॉर्म भरलेला नसतो.

डोनेशनच्या काळातले पालक अजून 'सीट बुक' करायला निघतात. आज संस्था कोट्यासकट सर्व जागा केंद्रीय किंवा राज्याच्या समुपदेशनातून आणि नीटच्या क्रमाने भरल्या जातात. आधी पाच लाख द्या, जागा पक्की, असे जो सांगतो तो एक तर तुमच्या मुलाला आपोआप मिळणारी जागा तुम्हालाच विकतो आहे किंवा नसलेली.

परदेशाचा मार्ग सरसकट वाईट नाही, पण तो 'कमी मार्कांचा मार्ग' म्हणून विकला जातो ते खोटे आहे. तिकडे जायलाही नीटची पात्रता लागते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा, आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करता आली पाहिजे. परत आल्यावर ३०० पैकी १५० गुणांची एफएमजीई परीक्षा, आणि वर आणखी एक वर्ष इंटर्नशिप. अलीकडच्या सत्रांत बसलेल्यांपैकी साधारण एक पंचमांश ते एक तृतीयांशच ती उत्तीर्ण झाले आहेत. ज्याचा पाया इथे कच्चा राहिला त्याला ही परीक्षा टळत नाही, सहा वर्षांनी लांबते एवढेच. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना अर्धवट शिक्षण सोडून परतावे लागले, तेही विसरू नये.

<b>यादी, फेऱ्या आणि ड्रॉप</b>

यादीचा क्रम मनापासून लावावा. वर जीएस लिहिले म्हणून खालचे गोंदिया हातचे जात नाही. संगणक क्रमांकाप्रमाणे वरून खाली पाहत येतो आणि जी पहिली मिळण्याजोगी जागा असेल ती देतो. म्हणून 'आपल्याला मिळणारच नाही' असे म्हणून आवडते नाव गाळू नये, आणि 'भरून तर ठेवू' म्हणून जिथे जायचेच नाही, जे परवडणारच नाही, ते लिहू नये. केंद्रीय समुपदेशनात पहिल्या फेरीतली जागा सोडली तर दंड नाही. दुसऱ्या फेरीपासून अनामत जाते. सरकारी जागांसाठी ती १० हजारांपर्यंत आहे, अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. शेवटच्या उरलेल्या जागांच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामतीबरोबरच एक वर्ष नीटला बसायला बंदी येते. दुसऱ्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, मग 'पहिलीच बरी होती' म्हणून उपयोग नाही.

मिळालेल्या जागेसोबत बंधपत्र काय आहे तेही आधी वाचावे. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून बाहेर पडल्यावर एक वर्षाची सेवा आहे. इतर राज्यांत वर्षे आणि दंडाची रक्कम वेगवेगळी असते आणि १५ टक्के कोट्यातून तिकडे गेलेल्यालाही बहुधा ती लागू होते.

ड्रॉपचा निर्णय मात्र यादीतली शेवटची ओळ म्हणून घ्यावा, रागाच्या भरात नव्हे. परीक्षेच्या प्रयत्नांना मर्यादा नाही, वयाची वरची अटही उरलेली नाही. पण उत्तरपत्रिका काढून पाहावी. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. तिथे गुण गेले असतील तर वर्षभराच्या वाचनाने ते परत मिळू शकतात. चुकीच्या उत्तरांचे वजा गुण फार असतील तर तोही सवयीचा दोष आहे, सुटतो. भौतिकशास्त्र अकरावीपासूनच कळलेले नसेल आणि घरच्या सराव परीक्षांत आकडा सहा महिने हललेला नसेल, तर नुसते आणखी एक वर्ष देऊन काय बदलणार आहे ते मुलाकडूनच ऐकावे. त्याच्याकडे उत्तर असेल तर वर्ष द्यावे. नसेल तर बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी यांचे अर्ज त्याच वर्षी भरावेत, आणि 'मेडिकल नाही मिळालं म्हणून' हे शेपूट न लावता भरावेत. तिसऱ्या ड्रॉपच्या वेळी मूल 'हो' म्हणते ते बहुतेकदा आई-बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून.

या सगळ्याआधी कपाटातली फाइल उघडावी. महाराष्ट्रात राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला महिने जातात. केंद्राच्या १५ टक्क्यांसाठी ओबीसीचा नॉन क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा हवा. राज्याच्या नमुन्यातला तिथे चालत नाही. २०२४ च्या कायद्याने महाराष्ट्रात मिळालेले एसईबीसी आरक्षण केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे तो विद्यार्थी खुल्या वर्गात धरला जातो आणि अटीत बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला वेगळा काढावा लागतो. हे अर्ज बारावीच्या दिवाळीतच करावेत, कारण निकालानंतर तहसील कार्यालयातली रांग दाराबाहेर आलेली असते आणि फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही.